नवसाचे केस

आमच्या घरात पहाटे कोंबड्याच्या आधी ट्रंपेट आरवायचं. जुन्या धुळ्यात, पांझरेच्या अंगाला आमचं घर आणि माझे वडील बँडमास्तर. लग्नसराई जवळ आली की बँडमधली माणसं चहाच्या आधीच अंगणात जमायची आणि जो तो आपापलं वाद्य तापवायला घ्यायचा. एक जण उकिडवा बसून चिंचेच्या कोळाने पितळ घासतोय, दुसरा ट्रंपेटमधली थुंकी झटकतोय, आणि ती तुळशीपासून लांब झटकतोय ना, हे बघायला माय हातात लाटणं घेऊन उभी. दोरीवर लाल मखमलीचे कोट वाळत घातलेले. वारा आला की त्यांच्या सोनेरी झालरी हलायच्या आणि आत माणसंच नसलेला एक बँड हवेत नाचतोय असं वाटायचं. या सगळ्या गोंगाटाच्या वर नानांचं, म्हणजे वडिलांचं, क्लॅरिनेट. नाना एकदा वाजवायला लागले की बाकीचे आपोआप गप्प व्हायचे. माझे वडील घरात फार बोलत नसत. त्यांना जे सांगायचं असे ते त्या काळ्या नळीतून सांगून झालेलं असायचं.

माझं नाव धोंडू. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून मला कोणाची दृष्ट लागू नये असं दगडाधोंड्याचं नाव ठेवलं. आवाज बरा निघाला म्हणून मिसरूड फुटायच्या आत मला बँडच्या हातगाडीवर गायक म्हणून चढवलं. गाडीवर जीपची बॅटरी, भोंगा, आणि मी. नानांची शिस्त कडक. गायकाने ताठ उभं राहायचं, एका हातात माइक, दुसरा हात पाठीमागे, आणि नवरीकडच्या बायकांकडे बघायचं नाही. मी दोन-तीन लग्नसराया असा खांबासारखा उभा राहून सिनेमातली गाणी म्हणत होतो आणि मला वाटत होतं, गाणं म्हणजे हेच.

मग अन्वरच्या दुकानात ती कॅसेट सापडली. अन्वर माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या वडिलांचं मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान होतं. शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटारी यायच्या, आणि अन्वर हौसेने रेडिओ-टेपही दुरुस्त करायचा. कोणीतरी एक टेपरेकॉर्डर टाकून गेला तो परत आलाच नाही. त्यात एक कॅसेट होती. वर नाव नाही, चित्र नाही. अन्वरने बटण दाबलं आणि आम्ही दोघंही मागे सरकलो. आत एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता. अन्वरला वाटलं पट्टी अडकली. पण थोड्या वेळाने लक्षात आलं की हा माणूस ओरडता ओरडता गातोय, आणि गातोय ते सुरात आहे. त्या दिवशी दुकानात आलेली एकही मोटार आम्ही उघडली नाही.

त्या प्रकाराला हार्ड रॉक म्हणतात हे आम्हाला इंजिनिअरिंगच्या एका पोराने सांगितलं. तो पुण्याहून सुट्टीला आला होता. मी विचारलं, "रॉक म्हणजे?" तो म्हणाला, "रॉक म्हणजे दगड. धोंडा." अन्वरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या कपाळावर अक्षरं उमटली आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच पोराने एका विलायती मासिकातून फाडलेलं चित्र आणून दिलं. कमरेपर्यंत केस, अंगाला चिकटलेली चकचकीत विजार, डोळ्यांत काजळ, एक पाय खोक्यावर, आणि माइकचा दांडा असा तिरपा धरलेला की आता तो माणूस त्याच्याशी लग्नच लावणार. आणि नाना मला सांगत होते, एक हात पाठीमागे!

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. अन्वरकडचा तो टेप जरा जोरात पळायचा. मोटार त्यानेच गुंडाळली होती आणि ती गरजेपेक्षा ताकदवान झाली होती. त्यामुळे मूळ गाणं होतं त्याहून बरंच वरच्या पट्टीत आम्हाला ऐकू यायचं आणि तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, माणसाला इतकं वर गावंच लागतं. म्हणून मी गच्चीवर जाऊन, पोटाला पंचा आवळून, ते गाठायला शिकलो. परवा नातवाने मोबाइलवर कुठूनतरी ते गाणं शोधून ऐकवलं. मी म्हटलं, "हा तर झोपेत गातोय रे." नातवाचा विश्वास बसेना. मग मी गाऊन दाखवलं, तर खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून विचारायला वर आली.

आमची टोळी तिघांची. मी, गिटारवर अन्वर, आणि नानांच्याच बँडमधला ताशेवाला सुपडू. सुपडू अंगाने एवढासा, पण त्याच्या काठ्या सुरू झाल्या की घोडेसुद्धा कान टवकारायचे. गिटार विकत कुठून आणणार? अन्वरने जेवायच्या पाटाची फळी घेतली, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बसवलं, तांब्याची तार गुंडाळली आणि ते सगळं भोंग्याला जोडलं. आवाज छान फाटका यायचा. फक्त त्या गिटारला एक खोड होती. ती मधूनच रेडिओ पकडायची. मी शीर ताणून शेवटचा सूर लावावा आणि भोंग्यातून बाईने शांतपणे जळगावच्या केळीचा भाव सांगावा, असं कितीदा तरी झालं. समोर शेतकरी बसलेले असले की तेवढ्या वेळापुरते सगळे हात वर करून आम्हाला गप्प करायचे. भाव ऐकून झाला की म्हणायचे, "हं, चालू द्या आता."

गाणी आम्ही अहिराणीत बांधली, कारण इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं आणि ओरडायला अहिराणी चांगली. एक होतं 'लाइट गई रे भो', एक होतं 'पोटमा आग पेटनी'. टोळीचं नाव 'काळा मसाला'. मायने वर्षाचा मसाला भाजायला घेतला होता, सुकं खोबरं, कांदा, मिरच्या, सगळा धूर घरात कोंडलेला, आणि मी आतल्या खोलीत सराव करत होतो. धूर नाकात गेला आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून अन्वर उभा राहिला. म्हणाला, "हीच! हीच पाहिजे!" नंतर ती किंकाळी मसाल्याशिवाय काढता यायला मला पावसाळा उजाडला.

पोशाख मायने शिवला. घोड्याच्या जुन्या झुलीचं चंदेरी कापड होतं, त्याची विजार. ती मापं घेताना सारखी थांबायची. "इतली तंग? मंग बसशी कसा रे?" मी म्हणालो, "हिच्यात बसायचं नसतं, माय." वर बँडचा एक जुना लाल कोट, बाह्या कापलेला. त्या बाह्यांनीच घोळ केला. नानांना आमच्या आवाजाचा राग नव्हता, किंवा असला तरी बोलले नव्हते. पण बाह्या कापलेला कोट त्यांनी दोरीवर पाहिला आणि अंगणातली सगळी वाद्यं थांबली. नानांनी कोट खाली काढला, खांद्याच्या जागी बोट फिरवलं. "कोटले बाह्या नहीत, गानाले अर्थ नही," ते म्हणाले. मग माझ्या मानेवर रुळायला लागलेल्या केसांकडे बघून, "रविवारी न्हाव्याला बोलवा."

रविवार उजाडण्याआधी नानांच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी ते ओट्यावर चहा पीत होते आणि चहा ओठाच्या एका कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडत होता. त्यांना ते कळत नव्हतं. मायने "काय हो" म्हटलं तेव्हा ते हसले, आणि हसू अर्ध्याच तोंडावर आलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तोंडाची नस सुजली आहे, मेंदूचं काही नाही, बहुधा हळूहळू येईल परत. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन पहिल्यांदा क्लॅरिनेट ओठाला लावलं. हवा बाजूने निघून गेली. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. त्यांनी परत एकदा फुंकर घातली. मग नळी पुसली, तिचे तुकडे सोडवले, पेटीत एकेक तुकडा ठेवला आणि पेटी फळीवर सरकवली. त्या दिवसापासून आमचं घर इतकं शांत झालं की शेजारच्या घरातली पिठाची चाळणी ऐकू यायची. बँड मी आणि बाकीच्यांनी ओढत ठेवला, पण ज्यांनी नानांचं वाजवणं ऐकलं होतं ते सुपारी द्यायला येऊन, नानांच्या तोंडाकडे बघून, नुसती विचारपूस करून परत जायचे.

भेटायला येणाऱ्यांत एरंडोलची फुई आली. फुई म्हणजे नानांची मोठी बहीण, माझी आत्या. तिच्या तोंडून निघालेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तीन तालुक्यांत पोचलेली असायची. तिने भावाच्या तोंडावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि वळून माझ्या केसांकडे पाहिलं. "हाऊ पोऱ्या शे का पोर शे?" न्हावीही नेमका तेव्हाच पेटी घेऊन दारात उभा. मी मायकडे पाहिलं. आयुष्यात खोटं न बोललेली माझी माय, हातातलं पिठलं ढवळता ढवळता, चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाली, "त्यानी नवस बोलेल शे. बाप पुन्हा वाजाडू लागना का पद्मालयना गनपतीले केस देवाना."

नाना चमकले. मी चमकलो. न्हाव्याने पेटी जमिनीवर ठेवून मला हात जोडले. फुई उठली, तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "श्रावणबाळ शे मना भाचा!" संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं आणि आठवड्याभरात खानदेशभर.

मायला मी नंतर विचारलं, असं का बोललीस. ती म्हणाली, "मंग काय सांगतू? विलायती फोटूमाधला मानूस व्हवाना शे त्याले?" आणि परत भाकरीकडे वळली.

माझी सगळी कारकीर्द त्या एका वाक्यावर उभी राहिली. तोपर्यंत आम्हाला कोणी गणपतीच्या मंडपातही उभं करत नव्हतं. आता बापासाठी केस वाढवणारा मुलगा गातो म्हटल्यावर मंडळं घरी यायला लागली. मी चंदेरी विजार घालून, काजळ लावून, छाती उघडी टाकून स्टेजवर यायचो आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोक्यावर घ्यायच्या. एका शाळेच्या संमेलनात मुख्याध्यापकांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि मुलांना सांगितलं की या तरुणाचा आदर्श ठेवा. पाठोपाठ मी माइकचा दांडा तिरपा केला आणि 'पोटमा आग पेटनी' सुरू केलं. मुख्याध्यापक शेवटपर्यंत हात जोडून बसले होते. मी ओरडायला लागलो की ते नवसाचंच काहीतरी आहे असा लोकांचा समज झाला. कोणी म्हणे अंगात येतं. शिंदखेड्याकडच्या एका गावात मी किंकाळी संपवून गुडघ्यांवर कोसळलो, तसं चित्रात असतं म्हणून, तर एक बाई लिंबू-नारळ घेऊन थेट स्टेजवर चढली. "बाप्पा, मनी म्हैस कोठे गई?" मला धाप लागलेली. माइक तोंडापाशी. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नरडाना!" दुसऱ्या दिवशी म्हैस नरडाणा स्टेशनच्या मागे चरताना सापडली. त्यानंतर आमच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या दोन रांगा हरवलेल्या जनावरांच्या मालकांच्या असायच्या. सुपडू म्हणायचा, आपण आधी म्हशींचं उरकून घेऊ आणि मग गाणी म्हणू.

मला मात्र त्या दिवसांत एक वेगळीच धास्ती होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. नानांचं तोंड बरं होत होतं. रोज सकाळी मी त्यांच्याकडे चोरून पाहायचो. आधी पापणी मिटायला लागली, मग चहा सांडायचा थांबला. मला आनंद व्हायचा, खरंच व्हायचा. आणि त्याच क्षणी माझा हात आपोआप केसांकडे जायचा, जे आता खांद्यांखाली उतरले होते. बाप बरा झाला की माझं डोकं सफाचट. आणि जळगावच्या एका मंडळाने आम्हाला मोठ्या मैदानावरचा कार्यक्रम दिला होता. नाशिकचा एक कॅसेटवाला तिथे येणार होता, आमचा आवाज ऐकायला. टक्कल केलेल्या रॉक गायकाचं चित्र ना मी पाहिलं होतं ना अन्वरने. फुई दर पंधरा दिवसांनी एसटीने येऊन भावाच्या ओठांची तपासणी करायची. नाना म्हणायचे, "नही वं अक्का. अजून हवा सुटस." फुई परत जायची आणि मी श्वास सोडायचो.

एक दिवस दुपारी मी अन्वरकडे आडवाटेने चाललो होतो. वाटेत एक जिनिंगची शेड होती. कापसाचा हंगाम नव्हता, त्यामुळे शेड बंद. आतून आवाज आला. दबलेला, कोणीतरी गोधडीखालून वाजवतंय असा. मी पत्र्याच्या फटीला डोळा लावला. नाना कापसाच्या एका जुन्या गाठीवर बसले होते. क्लॅरिनेटच्या खालच्या रुंद तोंडात त्यांनी मायचं जुनं लुगडं कोंबलं होतं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. आणि ते 'लाइट गई रे भो' वाजवत होते. माझं गाणं. मी जिथे नुसता ओरडायचो तिथे त्यांनी चार सूर मधे ठेवले होते, आणि ते इतके बरोबर बसत होते की मला स्वतःची लाज वाटायच्या ऐवजी हसू आलं.

मी आत गेलो. ते दचकले नाहीत. लुगडं ओढून बाहेर काढलं, ओठाला लावायची पत्ती पुसली.

"नाना, तुम्ही वाजवताय."

"हा."

"कधीपासून?"

"पोळा झाया तवपासून." मग म्हणाले, "तो कॅसेटमधला माणूस इतकं वर गात नसणार. माणसाचा गळा नाही तो. तुमचं मशीन जोरात पयस."

"पण मी तर गातो, नाना."

"म्हनीसन तर येस मी ऐकाले. मंडपना मांगे उभा राहास." त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. "जळगाव होऊ दे. मग माझं तोंड बरं होईल. तोवर अक्काला काही बोलू नको."

आम्ही दोघं वेगवेगळ्या वाटांनी घरी गेलो आणि जेवायला शेजारी बसलो. मायने वांग्याचं भरीत केलं होतं. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि मला वाटतं तिला सगळं ठाऊक होतं, कारण लुगडं तिचंच होतं.

जळगावचा कार्यक्रम संध्याकाळी लवकर ठेवला होता, कारण सातनंतर लाइट जायची. मैदान भरलं होतं. एरंडोलहून फुई ट्रकभर नातेवाईक घेऊन आली होती आणि सगळ्यात पुढे मांडी घालून बसली होती. तिच्या मागे म्हशींचे मालक. बाजूला खुर्चीवर तो कॅसेटवाला, पांढरा सफारी घातलेला. नाना बँडच्या माणसांबरोबर मागे उभे होते, कोटाची सगळी बटणं लावून, काखेत पेटी. सुपडूने त्यांना विचारलं, पेटी कशाला आणली मास्तर, तर म्हणाले, "सवय."

पहिली दोन गाणी अशी झाली की अजून आठवलं तरी माझ्या तळपायाला मुंग्या येतात. मी केस गोल फिरवले, खोक्यावर पाय ठेवला, दांडा तिरपा केला. पोरं नाचायला लागली. कॅसेटवाला खुर्चीत पुढे सरकला. मग 'लाइट गई रे भो' सुरू केलं आणि लाइट गेली.

लोकांना आधी वाटलं, हा गाण्यातलाच भाग आहे. टाळ्यासुद्धा पडल्या. पण भोंगा मुका, गिटार मुकी. अन्वर फळीवर बोटं आपटत होता, तिच्यातून टकटक एवढंच येत होतं. बॅटरीची गाडी आम्ही धुळ्यालाच ठेवून आलो होतो, मोठ्या कार्यक्रमाला काय हातगाडी न्यायची म्हणून. मी ओरडत राहिलो. उघड्या मैदानात माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जाऊन बसत होता. मागची माणसं उठायला लागली. पँटी झटकत, पोरं खांद्यावर घेत. सातही वाजले नव्हते, सूर्य अजून मावळला नव्हता, त्यामुळे एकेक उठणारा माणूस मला स्पष्ट दिसत होता. कॅसेटवाल्याने घड्याळ पाहिलं आणि तोही उभा राहिला.

तेव्हा मागून क्लॅरिनेट आलं. मोकळं, लुगड्याशिवाय. नाना वाजवत वाजवत माणसांमधून पुढे येत होते, वरातीपुढे चालतात तसे, संथ, आणि उठलेली माणसं त्यांना वाट देता देता परत बसत होती. पट्टी माझी होती, ती मशीनने मला लावलेली, माणसाला न झेपणारी. त्या पट्टीत ते सगळे सूर एकेक करून ठेवत आले आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. एका डोळ्यातून अजून पाणी वाहत होतं, तो डोळा पूर्ण बरा झालाच नाही कधी. सुपडूने काठ्या उचलल्या. मी गायलो. विजेशिवाय, भोंग्याशिवाय, बापाच्या आवाजावर उभा राहून गायलो, आणि शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा आमच्याबरोबर 'गई रे भो' म्हणत होती. केसांचं मला पूर्ण विसरायला झालं होतं.

फुईला झालं नव्हतं. गाणं संपलं आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत ती उभी राहिली, दोन्ही हात आभाळाकडे. "वाजाडी राहिना! मना भाऊ वाजाडी राहिना! नवस फिटना!" मैदान पेटलं. बायका रडायला लागल्या. कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि हजार गळ्यांनी "मोरया" केलं. गर्दीतून एक न्हावी पुढे आला आणि म्हणाला की त्याची पेटी सोबतच आहे, हा मान जळगावला मिळू द्या. त्यावर एरंडोलकर खवळले, नवस पद्मालयाचा आहे, केस तिथेच पडतील. देव सगळीकडे आहे की नाही यावर स्टेजसमोर वाद जुंपला. मी मध्ये उभा. चंदेरी विजारीत, बसताही येत नाही. कॅसेटवाला गर्दीतून वाट काढत जवळ आला, माझा हात दाबला आणि म्हणाला, "आवाज उत्तम आहे. लाइट आली की कळवा." तो गेला तो गेलाच. आमची एकही कॅसेट कधी निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मालयाला माझे केस उतरले. न्हाव्याने पाणी लावलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. वस्तऱ्याचा आवाज मला वाद्यांपेक्षाही लख्ख आठवतो. सुपडू हमसून रडला. अन्वर तळ्यातल्या कमळांकडे बघत राहिला. उघड्या डोक्यावर वारा लागला तेव्हा मला थंडी वाजली आणि मी किती हलका झालो ते बघून मलाच वाईट वाटलं. मग झाडाखाली वरण-बट्टीच्या पंगती बसल्या. नाना माझ्या शेजारी येऊन बसले. बट्टी कुस्करून, तूप घालून त्यांनी पत्रावळ माझ्यापुढे सरकवली.

मी म्हटलं, "नाना, अजून एक गाणं थांबला असता तर लाइट आली असती कदाचित."

"आली असती."

"मग?"

"लोक उठी चालनात ना रे," ते म्हणाले. जणू याहून वेगळं कारण असूच शकत नव्हतं. मग त्यांनी माझ्या गुळगुळीत डोक्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. लहानपणानंतर त्यांनी मला असा हात लावल्याचं आठवत नाही.

त्यानंतर काही महिने हाल होते. केसवाला माणूस ओरडला तर लोकांना ते नवसाचं वाटायचं. टकला ओरडला की लोक विचारत, काय झालं, विंचू चावला का? एका गावात माझ्यासाठी पाणी घेऊन दोघं स्टेजवर धावले. म्हशींचे मालकही यायचे बंद झाले. अन्वर म्हणाला, आता बस करू. पण सराव करायला अंगणात बसलो की नाना आतून खुर्ची घेऊन यायचे आणि क्लॅरिनेट जोडायला लागायचे. बाप वाजवायला बसल्यावर मुलाने उठायचं कसं? अशी 'काळा मसाला'मध्ये चार माणसं झाली. चौथ्याने चंदेरी विजार घालायला साफ नकार दिला.

नानांबरोबरचा पहिला मोठा कार्यक्रम वरणगावच्या कारखान्याच्या कॉलनीत झाला. निवेदकाला आमच्याबद्दल काय सांगावं ते सुचेना. त्याने कागद दोनदा उलटा-सुलटा केला आणि शेवटी माइक नानांपुढे धरला, "मास्तर, आपणच सांगा, हा काय प्रकार आहे?" नाना उभ्या आयुष्यात माइकवर बोलले नव्हते, त्यांच्या तोंडाशी कायम नळीच असायची. त्यांनी घसा साफ केला. समोर सगळी कॉलनी बसलेली, स्वेटर घातलेल्या बायका, मांडीवर पेंगलेली मुलं.

"हा माझा मुलगा," नाना म्हणाले. "ओरडतो. पण सुरात ओरडतो."

आणि त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावून मला सूर दिला.